परसदार : आईवेगळ्या पिल्लांसाठी उबेची गादी

मैत्रिणींनो, ह्या खेपेला लिहिणार होते पावसाळ्यातल्या कढीपत्त्याबद्दल. पण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आणि कढीपत्ता मागे राहिला.

ह्या बाईंचं घर गावातच, पण मागे चांगलं परसू आहे. यजमान नोकरीला, सासूबाई घरात, दोन मुलं शाळेत. भाजीतून, रद्दीतून वाचवलेल्या पैशांतून त्यांनी डिसेंबरात गिरिराजची एक दिवसाची सोळा पिल्लं आणली. पुढे अंडी होतील, मुलांच्या पोटात जातील, चार शेजारणींना विकता येतील, आपला असा हातखर्च सुटेल, हा हिशेब. पिल्लं खोक्यात ठेवली, वर बल्ब लावला, खाली पेपर घातला. सकाळी चार मेलेली. तिसऱ्या दिवसापर्यंत दहा गेली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घराला हे लाभायचं नाही." यजमान म्हणाले, "आता पुन्हा हे खूळ नको." उरलेली सहा कशीबशी वाढली आहेत. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : "ताई, माझ्या हातालाच काही वाईट आहे का?"

बाई गं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझ्या पत्रातच उत्तर आहे. तू लिहिलं आहेस, "नऊ वॉटचा बल्ब होता, खोक्यात लख्ख उजेड पडत होता." तो एलईडीचा बल्ब! उजेड भरपूर, ऊब नावालाही नाही. आपल्या आया-सासवांनी पिल्लांवर बल्ब टांगला तो साठ-शंभर वॉटचा, तारेचा, पिवळा. त्याला हात लावला तर चटका बसायचा. २०१५ साली सरकारची स्वस्त एलईडीची योजना आली तेव्हापासून घराघरांतले जुने बल्ब गेले. विजेचं बिल उतरलं हे उत्तमच झालं. पण 'पिल्लांना बल्ब लावा' हा सल्ला मात्र तोंडोतोंडी तसाच राहिला. तुझी पिल्लं दिवाळीसारख्या उजेडात डिसेंबरच्या थंडीने काकडून गेली. हे सासूबाईंना वाचून दाखव.

आता जुना पिवळा बल्ब मिळवून लाव, असं मी सांगणार नाही. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती माझ्याच घरची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पडवीत शंभरचा बल्ब सुतळीने बांधून खोक्यावर टांगला होता. खाली भाताचं तूस. दोन रात्री छान गेल्या. तिसऱ्या रात्री सुतळी सैल झाली की उंदराने कुरतडली, देव जाणे, बल्ब तुसात जाऊन पडला. फुटला नाही, म्हणून पेटतच राहिला. आमच्या सासूबाईंची झोप सावध. दोनच्या सुमाराला त्यांनी हाक मारली, "अगं, काय करपतंय बघ." मी पाण्याची बादली उचलून धावले, तर त्यांनीच दटावलं, "आधी बटण बंद कर!" बटण बंद केलं, ओलं गोणपाट टाकलं. तूस नुसतं धुमसत होतं, ज्वाळा नव्हती, म्हणून वाचलो. पाच पिल्लं गेली. पडवीच्या दाराच्या फळीवरचा काळा डाग अजून आहे. ह्यांनी तीनदा रंग दिला, तरी तो वर येतोच. सासूबाई आता नाहीत. डाग दिसला की त्यांची हाक आठवते.

त्यानंतर मी पिल्लं आणली ती फक्त खुडूक कोंबडी असेल तेव्हाच. आणि खरं सांगू, आजही तुमच्याकडे खुडूक कोंबडी असेल तर बाकीचं काही करू नका. रात्री अंधारात, ती रवणीवर शांत बसलेली असताना, तिच्या पोटाखाली एकेक पिल्लू हलकेच सरकवायचं. सकाळी बहुतेकदा ती आपलीच समजून घेते. पहाटे लवकर उठून लक्ष मात्र ठेवायचं, कारण एखादी टोचतेही. पण कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही. कधी मुंगूस तिलाच उचलून नेतं आणि अंडी फुटायच्या दिवशीच पिल्लं पोरकी होतात. आमच्याकडे तसंच झालं. अकरा पिल्लं आणि आई नाही. आणि त्याच आठवड्यात माझी कंबर धरलेली, डॉक्टरांनी शेकायला सांगितलेलं, म्हणून औषधांच्या दुकानातून शेकायची विजेची गादी, ज्याला आता सगळे हीटिंग पॅडच म्हणतात, ते आणलेलं. अमेरिकेत असलेली माझी भाचेसून फोनवर म्हणाली, "मावशी, इकडे परसात कोंबड्या पाळणाऱ्या बायका पिल्लांना ह्याच पॅडची गुहा करतात." माझी कंबर की पिल्लं, असा प्रश्न पडला. कंबरेला गरम पाण्याची पिशवी चालली. पॅड पिल्लांना गेलं. अकराच्या अकरा जगली. तेव्हापासून माझ्याकडे दुसरी पद्धत नाही.

तर आता कृती. पण आधी ह्यातलं मर्म समजून घ्या, म्हणजे कृती पाठ करावी लागणार नाही.

कोंबडी खोलीभर ऊब करत नाही. ती पिल्लांना पोटाखाली घेते. पिल्लू पाठ तिच्या पोटाला टेकवतं, ऊन झालं की बाहेर पळतं, चार दाणे टिपतं, पाणी पितं, गार वाटलं की पुन्हा आत शिरतं. ऊब वरून आणि अंगाला लागून, बाजूला मोकळी गार हवा. बल्बच्या खोक्यात ह्याच्या उलट होतं. सगळाच खोका तापतो, रात्रंदिवस उजेड, पिल्लांना धड झोप नाही, मग ती एकमेकांना टोचत बसतात. पॅडची गुहा म्हणजे विजेची खुडूक कोंबडी. म्हणूनच पॅड खाली अंथरायचं नाही, वर धरायचं. खाली अंथरलं तर शिटेने ओलं होतं, विजेचं म्हणून ते धोक्याचं, आणि पिल्लाला पोटाकडून तापवलं की त्याला सुटायला जागा उरत नाही.

पॅड कोणतं घ्यावं? इथेच बहुतेक जणी फसतात. हल्ली बरीच पॅडं तास-दोन तासांनी आपोआप बंद होतात. माणसासाठी ती सोय चांगली, पिल्लांसाठी घातक. कारण पॅड बंद होणार रात्री दोनला आणि तुम्हाला कळणार सकाळी सहाला. दुकानदाराला स्पष्ट विचारा, खोक्यावर वाचा, आणि त्यावरही विश्वास न ठेवता घरी आणून चार तास नुसतं चालू ठेवून हात लावून बघा. आपोआप बंद होणारं असेल तर परत करा, आतल्या तारांशी खेळ करू नका. दुसरं, कमी-मध्यम-जास्त अशा तीन पायऱ्यांचं बटण असलेलं हवं. तिसरं, वीज लावून दहा मिनिटांत तापणारी आणि मग तार काढून वापरायची ती फुगीर पाण्याची पिशवी म्हणजे हे पॅड नव्हे. ती पिल्लांवर वीज चालू ठेवून कधीही ठेवू नका. तिचा उपयोग वीज जाते तेव्हा, तो पुढे सांगते.

घरातलं जुनं, दुमडून दुमडून मऊ पडलेलं, एखाद्या जागी जास्त तापणारं पॅडही नको. आतली तार घडीवर मोडलेली असते. जे पॅड आजीच्या गुडघ्यालाही लावायला नको, ते पिल्लांनाही नको.

साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद पॅड बारा ते पंधरा पिल्लांना पहिले दोन आठवडे पुरतं. त्याहून जास्त पिल्लं असतील तर दुसरं पॅड घ्या. दाटीवाटीत दुबळं पिल्लू नेहमी कडेला ढकललं जातं.

विजेच्या खर्चाचं भय घरातल्या मंडळींना वाटतं म्हणून हिशेबच देते. साठ वॉटचं पॅड अखंड चोवीस तास चाललं तरी दीड युनिटाच्या आतच बसतं. शंभरचा बल्ब दोन युनिटांवर जातो, आणि कोंबड्यांसाठी मिळतो तो लाल दिवा अडीचशे वॉटचा, म्हणजे दिवसाला सहा युनिटं. यजमानांना हे आकडे जेवताना नको, जेवण झाल्यावर सांगा.

गुहेसाठी सांगाडा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात चौकटीची जाड तारेची जाळी फुटावर मिळते. पॅडपेक्षा चार बोटं मोठा तुकडा कापून घ्या आणि तो कमानीसारखा हलका वाकवा. नाहीतर बिघडलेल्या फ्रिजमधली जाळी घ्या. ती वाकवावी लागत नाही, खाली चार विटांचे तुकडे ठेवले की झालं. मी हेच करते, कारण उंची पुढे वाढवायला सोपं पडतं. जाळीची कापलेली टोकं मात्र वळवून घ्या किंवा त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. पिल्लांचे डोळे तिथेच लागतात.

पुढची बाजू जमिनीपासून तीन-साडेतीन इंच, मागची दोन इंच. म्हणजे लहान-मोठं, उभं-बसलेलं, प्रत्येक पिल्लू कुठेतरी पाठ टेकवू शकतं. पॅडला जुन्या उशीचा सुती अभ्रा घाला. एक नव्हे, तीन अभ्रे ठेवा, रोज बदलून धुवायला. पॅड जाळीवर सपाट पसरा. कमान असेल तर सौम्य असावी, घडी पडता कामा नये. टाचणी, सेफ्टी पिन, सुई हे चुकूनही टोचायचं नाही. चारी कडांना नाडीने बांधा. वरून एक पातळ टॉवेल एकेरी टाका, गोधडी-रजई टाकू नका. जाड पांघरुणाखाली पॅड स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं. पुढच्या बाजूला अभ्र्याची झालर थोडी खाली सोडली तर आत अंधार होतो आणि पिल्लांना ते फार आवडतं.

तार मागच्या बाजूने, खोक्याला भोक पाडून थेट बाहेर काढा. खोक्याच्या आत कुठेही जोड, प्लग, एक्स्टेन्शन नको. पाण्याचं भांडं पॅडच्या विरुद्ध टोकाला.

खोका म्हणाल तर टीव्हीचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका उत्तम. पंधरा पिल्लांना अडीच फूट बाय चार फूट पहिला महिनाभर पुरे. कोपऱ्यांत पुठ्ठ्याचा तुकडा वाकवून लावा आणि कोपरे गोल करा. पिल्लं घाबरली की कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. वर जाळीचं झाकण हवंच, मांजराचा आणि घुशीचा भरवसा नाही. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून हीच पिल्लं उडून खोक्याच्या कडेवर बसायला लागतात.

आणि तळाला पेपर! पत्रात त्या बाईंनी "दोन पिल्लांचे पाय फाकले होते" असं लिहिलं आहे, ते त्या गुळगुळीत पेपरामुळे. कोवळे पाय घसरतात आणि दोहीकडे पसरतात, मग पिल्लाला उभंच राहता येत नाही. पहिले तीन-चार दिवस गोणपाट किंवा जुनी खरखरीत चादर अंथरा, मग भाताचं तूस दोन इंच. सुताराकडचा बारीक भुसा सुरुवातीला नको, पिल्लं खाद्य समजून तो खातात. पाय फाकलेच असतील तर पहिल्या दिवशीच दोन्ही पायांना मध्ये बोटभर अंतर ठेवून औषधाची चिकटपट्टी बेडीसारखी बांधा, दोन-तीन दिवस ठेवा. लवकर केलं तर बहुधा पाय सरळ होतात. आठवडा गेला की काही उपयोग नाही.

हे सगळं पिल्लं यायच्या आदल्या दिवशी मांडून, पॅड चालू करून ठेवा. भिंतीवर लावायचं साधं तापमापक असेल तर ते गुहेत पॅडला टेकवून ठेवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास हवं. ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. तापमापक नसेल तर बाळाचं दूध बघतो तसं मनगटाची आतली बाजू पॅडखाली पाच मिनिटं ठेवा. सुखाची ऊब वाटली पाहिजे, हात काढावासा वाटला तर बटण एक पायरी खाली. बहुतेक पॅडांना कमी किंवा मध्यम पुरतं.

पिल्लू अंड्यातून बाहेर येताना पोटात बलक घेऊन येतं, त्यावर ते दोन दिवस तरी काढू शकतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं दूरगावी पाठवता येतात. घरी आल्यावर आधी पाणी, मग खाणं. कोमट पाण्यात गुळाचा लहान खडा विरघळवा, एकेका पिल्लाची चोच अलगद त्यात बुडवा आणि त्याला सरळ गुहेत सोडा. हे प्रत्येकाला करायचं, कंटाळा करायचा नाही. एकदा चव कळली की बाकीचं ती आपापली शिकतात. पाण्याची थाळी उथळ असावी आणि तिच्यात धुतलेले खडे घालावे. दोन बोटं पाण्यातही पिल्लू बुडून मरतं, आणि भिजलं तरी थंडीने मरतं. गूळपाणी पहिल्या दिवशीच. पुढे साधं पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं.

पहिल्या संध्याकाळी तुमची परीक्षा असते. पिल्लांना गुहा अजून कळलेली नसते. दिवे मालवायची वेळ झाली की ती बाहेरच घोळका करून कर्कश ओरडतात. आपल्याला वाटतं, पॅडचा उपयोग नाही, बल्ब लावावा. थांबा. एकेकाला उचलून आत सरकवा, झालरीपाशी हात आडवा धरून दहा मिनिटं बसा. बाहेर आली की पुन्हा आत. माझ्या धाकट्या जावेने पहिल्या रात्री तास घालवला, दुसऱ्या रात्री दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आतच सगळी आपणहून आत जाऊन कुजबुजत होती. ती कुजबूज एकदा ओळखीची झाली की तापमापकाची गरज उरत नाही. मऊ, तुटक, झोपाळू चिवचिव म्हणजे सगळं ठीक. उंच, सलग, कर्कश चिवचिव म्हणजे गार वाटतंय, भूक लागली आहे किंवा कुणीतरी अडकलं आहे. गुहेत जागा असूनही एकावर एक रचून बसली तर पॅड गार आहे, आधी ते चालू आहे का बघा. सगळी बाहेर, चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे धरलेले, तर पॅड जास्त तापलं आहे.

दर आठवड्याला विटा बदलून सांगाडा इंचभर वर घ्यायचा आणि बटण कमी करत न्यायचं. पिल्लू मोठं होतं तसं त्याला आठवड्यागणिक तीनेक अंश कमी लागतात. लव जाऊन पिसं भरली की आई नको होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती गुहेत जाण्याऐवजी गुहेवर चढून बसतात, तेव्हा समजावं की पॅडची गरज संपत आली. आपल्याकडे उन्हाळ्यात तर पहिल्या आठवड्यानंतर दुपारी पॅड बंदच करावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना एप्रिल-मेमध्ये पिल्लं थंडीने नव्हे, उकाड्याने जातात. त्यांनी खोका घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावा आणि पॅड पहाटेपुरतंच लावावं. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर मात्र खोका भिंतीपासून दूर ठेवून रात्री तीन बाजूंनी गोणपाट लावा, आणि पॅड चार-पाच आठवडे चालू द्या. पॅड फक्त गुहेपुरतं तापतं. खोलीत फार गारठा असेल तर पिल्लं खायलाही बाहेर पडत नाहीत आणि उपाशी राहतात, हा त्याचा एक दोष.

वीज जाते त्याचं काय? आधीच तयारी ठेवा. गरम पाण्याची रबरी पिशवी, नाहीतर जाड बाटल्या, किंवा ती मघाची फुगीर पिशवी तापवून तार काढून, जुन्या साडीच्या दोन-तीन पदरांत गुंडाळून गुहेच्या मागच्या भागात ठेवा आणि झालर पूर्ण सोडा. पिल्लांची स्वतःची ऊब आत कोंडली की दोन तास निभतात. वीज आली की पॅडचं बटण आपोआप पुन्हा लागतं का, हे आधीच प्लग काढून-घालून बघा. काही पॅडं लागत नाहीत. माझ्या एका शेजारणीची सात पिल्लं वीज गेल्याने नव्हे, वीज आल्यावर सगळे निर्धास्त झोपल्याने गेली.

खाण्याबद्दल थोडक्यात. पहिले एक-दोन दिवस मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पसरून. मग पिल्लांचं तयार खाद्य, ज्यात साधारण वीस टक्के प्रथिनं असतात. सहा आठवड्यांत एकेका पिल्लाला किलो-सव्वा किलो खाद्य लागतं असा अंदाज धरा, म्हणजे पैसे आधीच बाजूला ठेवता येतील. नुसत्या कणीवर पिल्लं जगतात, पण खुरटतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आणि ताटातलं उरलंसुरलं, चिवडा, पापड, आमटीभात अजिबात नको. एवढ्याशा जिवाला मीठ विषासारखं लागतं. मुलं लाडाने देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

रोज सकाळी एकेक पिल्लू उलटं करून शेपटीखाली बघायचं. शीट वाळून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवून हलकेच काढा, ओढू नका, आणि पिल्लू कोरडं करूनच परत सोडा. शिटेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. सगळं तूस बदला आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पावसाळ्यात ओल्या तुसामुळे ती हमखास होते.

लशीचं विसरू नका. राणीखेतची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमाराला, राणीखेतची पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या आठवड्यानंतर. अडचण अशी की लशीची बाटली शंभर-दोनशे पिल्लांची असते, आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात वापरावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाच आठवड्यात पिल्लं आणावीत. लस बर्फात ठेवून आणायची, हे थर्मास घेऊन जाणाऱ्या बाईलाच जमतं.

पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, मुलांनी त्यांचे मुके घ्यायचे नाहीत, आणि खोका स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तसं झालं. एकाएकी बरीच पक्षी मेली तर शेजारणीला सांगण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आणि मेलेली उकिरड्यावर टाकू नका.

एक जाता जाता. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात. मुलं हट्ट धरतात. ती बहुधा उबवणी केंद्रांनी नको म्हणून काढलेली नर पिल्लं असतात. अंड्याच्या आशेने ती घेऊ नका.

आता पत्रवाल्या मैत्रिणीला. तुझी सहा मोठी झालेली आणि नवी पिल्लं एकत्र ठेवू नकोस, मोठी टोचून मारतील. नवी निदान दोन महिन्यांची होईपर्यंत वेगळी ठेव, मग आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकांना नुसतं दिसू दे. ह्या वेळी सोळा नको, दहाच आण. पॅडचे पैसे यजमानांकडे माग. पिल्लं मोठी झाल्यावर ते त्यांच्या पाठीलाच यायचं आहे, पण आधी अभ्रा बदल. आणि पहिल्या रात्री सासूबाईंना खोक्यापाशी बसायला बोलव. पिल्लू आत सरकवायला दोन हात जास्त असलेले बरे, आणि त्यांची झोप माझ्या सासूबाईंसारखी सावध असेल तर त्याहून बरं.

महिन्याने मला कळव, किती जगली ते. काही गेली असतील तरी कळव, कशी गेली ते नीट लिही.